एरंडेलाखालचा डोंगर

हिरवं

वच्छलाबाईंनी पिशवीत हात घातला आणि मूठभर दाणे उजेडात धरले. हिरवट राखाडी रंग, एक बाजू सपाट, सपाटीवर मधोमध चीर. एक दाणा दाताखाली धरून पाहिला, तो फुटेना. वास घेतला तर वाळल्या गवताचा.

घरातलं धान्य बाहेरच्या माणसाला पाठवायचं तर तसंच पाठवत नाहीत. त्याला ऊन दाखवायचं, पाखडायचं, मग तळहाताला एरंडीचं तेल घेऊन दाणा न् दाणा चोळायचा. नागपूरला नणंदेकडे तुरीची डाळ अशीच जाते. हे दाणे तर लेकीनं विमानातून, साड्यांच्या घडीत गुंडाळून आणले होते आणि यवतमाळच्या कुण्या मोठ्या बाईला द्यायचे होते. वच्छलाबाईंनी तेल जरा जास्तच घेतलं.

निकिता बोरी अरबच्या बाजारातून परत आली तेव्हा दाणे अंगणात सुपात चमकत होते.

"पाह्य कसे झाले," आई म्हणाली. "आता वर्षभर कीड नाई लागत याले."

निकिता सुपाजवळ बसली. हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी शेजारी जे असेल त्याचा वास ओढून घेते, म्हणून तिनं ती दुहेरी पिशवीत बांधली होती, साबणापासून लांब ठेवली होती, लोणच्यापासून लांब ठेवली होती. एरंडेल तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. या घरात वाढूनही आलं नव्हतं.

"काहून वं, तेल कमी झालं का?"

"नाई माय. लय झालं."

"मंग चांगलंच हाय."

लेक आफ्रिकेत आहे यापलीकडे वच्छलाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं ते असं :

निकिता दोन वर्षांपासून रवांडात आहे. किवू सरोवराच्या वरच्या अंगाला कॉफीचं एक धुलाई केंद्र आहे. तिथं फळं सोलतात, बिया आंबवतात, धुतात, वाळवतात. ते काम ती पाहते. आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांची फळं एकाच हौदात पडतात आणि मालाला नाव कंपनीचं लागतं. यंदा वरच्या डोंगरावरची मुकामाना आपल्या बरोबरीच्या बायांना घेऊन आली आणि म्हणाली, आमचं वेगळं ठेवून बघ. निकितानं ठेवलं. त्या बायांनी फळ पूर्ण लाल झाल्याशिवाय तोडलं नाही. त्यासाठी एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा गेल्या. किड्यानं टोचलेलं प्रत्येक फळ हातानं वेचून फेकलं, कारण तसला एक दाणा कपात आला तर अख्ख्या कपाला कच्च्या बटाट्याचा वास मारतो.

आता तो माल राजधानीत, किगालीच्या गोदामात होता. व्यवस्थापक म्हणाला होता, वेगळं गिऱ्हाईक आणलंस तर वेगळं ठेवतो. सोमवारपर्यंत सांग. नाही तर मोठ्या ढिगात मिसळतो, कंटेनर भरायचा आहे.

गिऱ्हाईक म्हणजे सुहासिनी. मूळची यवतमाळची, दुबईतल्या एका कंपनीसाठी देशोदेशीची कॉफी चाखणारी आणि घ्यायची की नाही ते ठरवणारी. महालक्ष्म्यांना माहेरी आली होती. निकिताचीही रजा तेव्हाच जमली, म्हणून नमुना कुरिअरनं न जाता तिच्या बॅगेतून आला.

आज सोमवार होता. दुसरा नमुना किगालीत होता.

भाजताना

"मीही येतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याईच्या महालक्ष्म्या काल उठल्या असतीन. परसाद तं भेटन."

यवतमाळच्या बसमध्ये पिशवी त्यांच्याच मांडीवर होती. निकितानं दोनदा सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा आई शेजारच्या बाईला सांगत होती की लेक तिकडे आफ्रिकेत साहेब आहे आणि तिकडचं बियाणं घेऊन आली आहे.

सुहासिनीच्या घरात अजून धुपाचा, आंबिलीचा आणि सुकत्या झेंडूचा वास होता. अशा घरात कॉफी चाखता येत नाही. ती त्यांना गच्चीवर घेऊन गेली. तिथं टेबल मांडलेलं होतं, त्यावर पांढऱ्या वाट्या, खोलगट चमचे, वजनकाटा आणि हातानं फिरवायचं भाजणीयंत्र. तिनं दाणे बशीत ओतले. बोटं एकमेकांवर घासली. पुन्हा घासली.

"निकिता, हे ओलं आहे का?"

निकिताच्या आधी वच्छलाबाई बोलल्या.

"ओलं नाई ताई, तेल हाय. एरंडी. घाण्यावरची. म्या सोता लावलं. आता कितीबी लांब न्या."

सुहासिनीनं निकिताकडे पाहिलं. निकिता बशीकडे पाहत होती.

"मग हा नमुना राहिला नाही," सुहासिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी यावर काही लिहिलं तर पुढच्या वेळी माझं लिहिलेलं कोणी वाचणार नाही."

"मॅडम, आज नाही सांगितलं तर ते मिसळून टाकतील. त्या बायांनी पूर्ण हंगाम..."

"मला कळतंय. पण मी काय चाखू? तुझी कॉफी की काकूंचं तेल?"

वच्छलाबाई एकीकडून दुसरीकडे पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "खराब झालं का?"

सुहासिनीनं बशी बाजूला सरकवली.

"कोनत्या बाया वं?"

निकितानं सांगितलं. जे बसमध्ये सांगायचं होतं ते इथं, परक्या गच्चीवर, तुटक तुटक. वच्छलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तू सुपाजवळ बसून व्हती," त्या म्हणाल्या. "तवा तोंड नव्हतं का तुले?"

"तू खुश व्हती."

"मी खुश व्हती म्हनून त्याईचा माल मातीत घालाचा का? सांगतलं असतं तं म्या कोऱ्या फडक्यानं पुसून काढलं असतं." थोडं थांबून, स्वतःशीच, "किडीसाठीच तं लावलं."

सुहासिनीला हसू आलं. तिनं ते आवरलं नाही. "काकू, कीड खरंच नाही लागणार. तेवढी खात्री आहे." मग निकिताला म्हणाली, "भाजून तर पाहू. लिहिणार काही नाही. आणि मॅडम म्हणू नको, ताई म्हण. आपण दोघी एकाच जिल्ह्यातल्या."

यंत्राखाली गॅस पेटला. दाणे फिरू लागले. आधी धूर झाला, तेलाचा, दाट. गच्चीवर दिवा विझल्यासारखा वास पसरला. हिरवे दाणे पिवळे झाले. पिवळ्यांतून भाकरीच्या पापुद्र्याचा वास निघाला. दाण्यांवरची पातळ फोलपटं सुटली, तेल पिऊन जड झालेली, आणि जळून वाऱ्यावर गेली. मग

तड

तड तड

जोंधळ्याच्या लाह्यांसारखं, पण खोल, जणू आत कुणी बोटं मोडतंय. वच्छलाबाई पदर नाकाला लावून दोन पावलं मागं गेल्या आणि तिथूनच वाकून पाहत राहिल्या.

कोरडं

खरं तर भाजलेली कॉफी रात्रभर मुरू द्यावी लागते. तेवढा वेळ नव्हता. पंख्याखाली गार केली, दळली. सुहासिनीनं वाटीत नाक घातलं. निकितानं घातलं. मग वाटी वच्छलाबाईंकडे गेली.

"जळका वास हाय," त्या म्हणाल्या. "अन् माहा."

"तुमचा?"

"माह्या हाताचा. डाळीच्या डब्याचा."

पाणी

उकळी बसलेलं पाणी वाटीभर. दळलेली कॉफी वर आली, फुगली, तिचा थर धरला. आता थांबायचं. सुहासिनीनं घड्याळ लावलं. तिघीही वाटीवर वाकल्या.

कवच

चमच्याच्या पाठीनं थर मोडायचा आणि मोडतानाच श्वास आत घ्यायचा. पहिला वास तिथंच असतो, तो दुसऱ्यांदा मिळत नाही. सुहासिनीनं चमचा ढकलला. निकिता शेजारी वाकली. वाफ वर आली आणि त्या वाफेत, एरंडेलाच्या मागं कुठंतरी, दार किलकिलं व्हावं तसं

तिथं पहिल्यांदा पोचली तेव्हा निकिताला जमीनच ओळखता येईना. तिच्या घरचं शेत सपाट, काळं. ते खाली मान घालून पाहायचं असतं. तिथं शेत समोर पाहायचं असतं, भिंतीसारखं. खालच्या बाईनं कुदळ मारताना डोकं वर केलं की तिला वरच्या बाईचे पाय दिसतात. त्या बाईच्या वर आणखी एक. त्याच्या वर ढग. ढगाच्या वर, जिथं आता काही नसावं असं वाटतं तिथं, पुन्हा कॉफीची झाडं. निकिता रस्त्याच्या कडेला उभी होती, बॅग हातात, आणि तिची मान दुखेपर्यंत डोंगर संपला नव्हता. ती ज्याला आजवर डोंगर म्हणत होती त्या सगळ्याला दुसरं नाव शोधायला हवं होतं.

गेलं. वाफ गेली.

"काही आलं?" सुहासिनीनं विचारलं.

"आलतं," निकिता म्हणाली. "गेलं."

गरम

चमचाभर कॉफी जोरात ओढून घ्यायची, म्हणजे ती सगळ्या तोंडावर उडते. सुहासिनीनं ओढली. आवाज शिट्टीसारखा झाला. तोंडात फिरवली आणि बाजूच्या पेल्यात थुंकली.

"इतकं खराब हाय?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाही काकू, आम्ही असंच करतो. दिवसभर गिळत बसलो तर झोप नाही येणार."

"मंग पिता कवा?"

"घरी. चहा पिते."

वच्छलाबाईंना हे पटलं.

पण वाटीवर तवंग होता. उन्हात त्याचे रंग फिरत होते. सुहासिनीनं तीनदा चाखलं. तेल, तेल, आणि तेलाच्या मागं भाजल्याचा कडूपणा. चमचा खाली ठेवला.

"याच्याखाली काही असेलही," ती निकिताला म्हणाली. "पण असेलही यावर मी माल घेत नाही."

निकितानं मान हलवली. खिशातला फोन काढला, पाहिला, परत ठेवला. किगालीत आता सकाळ होती. गोदामाचं दार उघडून झालं असेल.

वच्छलाबाई वाटीकडे पाहत होत्या. "ताई, तुमी डाळ धुता?"

"म्हणजे?"

"एरंडी लावलेली डाळ. धुता ना? पह्यल्या पान्याले वास येते. दुसऱ्याले येते. तरी तुमी वरन खाता. तवा कुठं येते वास?"

सुहासिनी पुन्हा वाटीकडे वळली. या घरात आजही डाळीला एरंडेल लागतं. लहानपणापासून तिनं तेच वरण खाल्लं होतं आणि त्यात तेल आहे हे एकदाही जाणवलं नव्हतं, कारण ते कायमच होतं. दुबईत तिच्याबरोबर चाखायला बसणाऱ्या कुणीही ही वाटी तोंडातून पेल्यात टाकून पुढची उचलली असती. तिचं नाक तेवढं परकं नव्हतं.

ती खाली गेली. वर आली तेव्हा हातात एरंडेलाची बाटली होती.

कोमट

तिनं नुसतं गरम पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं, त्यात एरंडेलाचा थेंब टाकला. आधी ते चाखलं. मग कॉफी. मग पुन्हा पाणी आणि तेल. मग कॉफी. एखाद्या गर्दीच्या घरात शिरून ओळखीच्या माणसाला म्हणावं, तू जरा बाहेर थांब, तसं ती दरवेळी तेलाला बाहेर थांबवत होती. कॉफी तोवर निवत होती. निवताना कॉफी बदलते. जे चटक्यानं झाकलं जातं ते वर येतं.

सुहासिनीचे डोळे मिटले.

"निकिता. चाख."

निकितानं पाणी चाखलं, कॉफी चाखली. काही नाही. पुन्हा पाणी. पुन्हा कॉफी आणि

रात्री तिथं थंडी असते, बाराही महिने. त्यामुळं फळाला पिकायची घाई नाही. खालच्या गरम रानात जे फळ लवकर लाल होऊन गळून जाईल ते इथं झाडावर बसून राहतं, महिनोन् महिने. धुकं त्याच्यावरून जातं, ऊन जातं, पाऊस उभा येऊन जातो. ते हिरवं राहतं, मग पिवळट, मग एका बाजूनं गुलाबी, आणि तेवढा सगळा वेळ आत गोड होत जातं. मुकामाना फळ तोडत नाही. ती ते अंगठ्यानं किंचित वळवते. सुटलं तर सुटलं. न सुटलं तर ती त्याला काहीतरी म्हणते आणि पुढं जाते. निकितानं एकदा विचारलं, काय म्हणतेस? मुकामाना म्हणाली, बस, म्हणते. बस अजून

आंबट. पण चिंचेचं नाही, लिंबाचं नाही. संत्रं सोलताना नखाखाली जे उडतं त्याचं. त्याच्यामागून गोड. ते एकदम येत नव्हतं, चढ चढून येत होतं.

"मोहाची फुलं," सुहासिनी म्हणाली. "सकाळी पडलेली. ओल्या गवतावरची."

"हो."

"तुला पण?"

"हो ताई."

"मले द्या," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यांना ओढून प्यायला जमलं नाही. त्यांनी चहासारखा घोट घेतला, आणि थुंकला नाही. तोंड वाकडं झालं. "कडू हाय. कशाले पिते लोकं हे." मग हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. "थांबा. गेलं कडू. आता दुसरंच आलं." गच्चीच्या कठड्याला त्यांनी एक हात लावला. "हे बी गेलं. आता तिसरं हाय." त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव भीतीच्या जवळचे होते. "एका घोटात किती जन बसले हायेत हे?"

त्यांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. वाटी दोन्ही हातांत धरून त्या खुर्चीवर बसल्या आणि समोर काहीच नसताना समोर पाहत राहिल्या.

गार

आता वाटी पूर्ण निवली होती. बहुतेक कॉफी इथं मरते. आंबट होते, पाणचट होते, चाखणारे ती टाकून देतात. सुहासिनीनं टाकली नाही. ती पुन्हा पुन्हा चमचा बुडवत होती, पाण्याच्या वाटीला हात न लावता. तेल गेलं नव्हतं. तवंग तसाच होता. पण आता तो सरोवरावर असावा तसा होता, आणि खाली खोल होतं.

"मी हे काम करते त्याला बरीच वर्षं झाली," ती म्हणाली. पुढचं वाक्य यायला वेळ लागला आणि आलं ते वेगळ्या आवाजात आलं, दुबईत न वापरलेल्या. "हे कायच्यानं होऊन राह्यलं गड्या? नुसतं उंचीनं?"

"उंची," निकिता म्हणाली. "थंडी. माती. वरून येणारं झऱ्याचं पाणी. अन् त्या बाया."

"अन् तेल काढलं तर?"

"मी तेलाविना चाखलंय ताई, तिथंच, हंगामात. तेव्हा मी एक घोटही थुंकला नव्हता."

सुहासिनीनं शेवटचा चमचा थुंकला नाही. ती उठून कठड्याजवळ गेली आणि किगालीला त्या व्यवस्थापकाला फोन लावला. ती इंग्रजीत बोलत होती. वच्छलाबाई लेकीच्या चेहऱ्यावरून समजून घेत होत्या.

"मिसळू नका," सुहासिनी म्हणाली. "नाही, गुण देत नाहीये. हा नमुना बाद आहे... प्रवासात खराब झाला... दुसरा पाठवा. तो पटला तर घेईन, नाही पटला तर नाही. तोपर्यंत वेगळं ठेवा, माझ्या कंपनीच्या नावानं... हो, लेखी पाठवते. आत्ता पाठवते."

तिनं तिथंच उभ्यानं मेल लिहिला आणि निकिताला दाखवून पाठवला.

"घेतलं नाहीये मी अजून," ती म्हणाली. "दुसऱ्या नमुन्यात एक वाटी जरी बटाट्याची निघाली तर मी नाही म्हणेन. तू माझ्या जिल्ह्यातली म्हणून हो म्हणणार नाही."

"म्हणू नका."

"आणि तो नमुना काकूंच्या घरी उतरणार नाही."

"उतरला तं उतरू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्या त्याच्याकडे पाहत बी नाई."

निकितानं मुकामानाला फोन लावला. तिकडे पेरणीचे दिवस होते. घेवडा पेरायला सगळ्या बाया आपापल्या तुकड्यांत असणार, एकीच्या वर एक. बराच वेळ घंटी वाजली. मग वारा ऐकू आला, आणि वाऱ्यातून मुकामाना. निकितानं फोनचा आवाज मोठा केला, टेबलावर ठेवला आणि तिथल्या किन्यारवांडा भाषेत मोडकंतोडकं सांगितलं की तुमचं मिसळत नाहीत. विकलं नाहीये. पण मिसळत नाहीत. वेगळं आहे, वेगळं राहील, दुसरा नमुना चाखेपर्यंत.

मुकामानानं फोन तोंडापासून लांब नेला असावा, कारण पुढचं जे आलं ते निकितासाठी नव्हतं. ती ओरडली. एकच वाक्य, लांबवलेलं, चढावरच्या बायांना पाठवलेलं.

मग त्याच वाक्याची दुसरी हाक आली, दुसऱ्या बाईची, वरून.

मग तिसरी, आणखी वर, बारीक.

गच्चीवर तिघी टेबलाशी वाकल्या होत्या. चौथी हाक शब्दांत कळत नव्हती, नुसता सूर होता. पाचवी आली की वारा होता ते सांगता आलं नसतं. मुकामानानं फोन बंद केला नव्हता. तीही ऐकत होती. आणि त्या वाऱ्यात, खूप उशिरानं, जिथं आता माणूस नसावं इतक्या उंचावरून, आणखी एक आवाज आला.

वच्छलाबाईंनी हळूच, फोनला ऐकू जाऊ नये म्हणून, लेकीला विचारलं, "अजून वर हाय का कोनी?"

निकितानं ओठांवर बोट ठेवलं. तिला माहीत नव्हतं.